नळीवरच्या रेघा



आज स्टुडिओत येताना मी पिशवीतून एक सिरिंज घेऊन आले आहे. तिला सुई नाही, नुसती नळी आणि दट्ट्या. रेडिओवर तुम्हाला ती दिसायची नाही, पण तुमच्यापैकी प्रत्येकीने ती पाहिलेली आहे. बाळाच्या लसीच्या दिवशी पाहिली, गाय आजारी पडली तेव्हा डॉक्टरांच्या हातात पाहिली, कुणाच्या घरात सासूबाई रोज पोटात टोचून घेतात तेव्हा पाहिली. टोचणारी सुई आपल्या चांगली लक्षात राहते. नळीवरच्या बारीक काळ्या रेघांकडे मात्र आपण बघत नाही. आज मला त्या रेघांचा इतिहास सांगायचा आहे. कारण त्या रेघांपायी माझ्या घरात एकदा मोठी चूक झाली, आणि ती माझ्याच हातून झाली.

माझ्या आईला साखरेचा आजार आहे. ती सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते. आई चौथी शिकलेली, पण अंक पक्के. सकाळी २० ची रेघ, संध्याकाळी १२ ची रेघ. चष्मा लावून, खिडकीजवळ उजेडात बसून ती स्वतःच्या हाताने भरते. एकदा तिच्या सिरिंज संपल्या. मी गटांच्या कर्जाच्या कामासाठी तालुक्याला बँकेत गेले होते. परत येताना एका औषधाच्या दुकानात "इन्सुलिनच्या सिरिंज द्या" म्हटलं. समोरच्याने दिल्या, मी पिशवीत टाकल्या आणि एस.टी. गाठली.

आधीच्या सिरिंजला लाल टोपण असायचं, या नव्यांना नारिंगी. आईने विचारलंसुद्धा, "अगं, ह्याचं टोपण येगळं कसं काय?"

मी म्हटलं, "कंपनी वेगळी असेल. रेघा आहेत ना?"

"रेघा हायेत की. वीसची बी हाय."

"मग झालं तर."

दहा-बारा दिवसांत आईची तहान वाढली. रात्रीतून चार-चार वेळा उठायची. पायातलं बळ गेल्यासारखं वाटतं म्हणायची. उपकेंद्रातल्या सिस्टरनी बोटातून रक्त घेऊन तपासलं, तर साखर चारशेच्या वर. त्यांनी पथ्य विचारलं, डोस विचारला. सगळं नेहमीसारखंच होतं. मग म्हणाल्या, "उद्या येताना औषधाची बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही वस्तू शेजारी ठेवून मला वाचायला लावल्या. बाटलीवर होतं: एक मिलीत ४० युनिट. सिरिंजवर होतं: यू-१००. सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुमच्या आई रोज सकाळी वीस युनिट घेतच नव्हत्या. आठ घेत होत्या."

मैत्रिणींनो, मी बी.ए. झालेली बाई. गटांच्या वह्या तपासताना पाच रुपयांचा फरक निघाला तर मी तासभर बैठक थांबवून धरते. आणि आईच्या औषधात निम्म्याहून जास्त तूट दहा-बारा दिवस चालू होती, ती मला दिसली नाही. आईची काही चूक नव्हती. तिने रेघ बरोबरच पकडली होती. ती रेघ कशाचं माप सांगते, एवढंच आम्हा दोघींना माहीत नव्हतं. तेव्हापासून मी या नळीच्या मागे लागले. जे कळलं ते सांगते.

पसा आणि वेढे

माप आपल्या बायकांना नवं नाही. चिपटं, मापटं, शेर, पायली यांवर आपल्या आज्यांनी घरं चालवली. औषधाचंही माप त्यांच्याकडे होतं. बाळगुटी आठवा. सहाणेवर दुधात हळकुंडाचे दोन वेढे, मुरुडशेंगेचा एक, वेखंडाचा अर्धा. बाळ मोठं होईल तसे वेढे वाढवायचे. वजन नाही, मिली नाही, हाताच्या फेऱ्या मोजायच्या. हेही मापच होतं.

जुन्या वैद्यांचंही असंच होतं. सुश्रुतसंहितेत बस्तीची माहिती येते. बस्ती म्हणजे जनावराच्या मूत्राशयाची पिशवी, तिला नळी बांधायची आणि पिशवी दाबून काढा शरीरात सोडायचा. आजच्या सिरिंजची ही फार लांबची पणजी म्हणा. त्यात वयाप्रमाणे नळीची लांबी सांगितली आहे आणि काढा किती घ्यायचा तेही. तो मोजायचा 'प्रसृत' या मापाने. प्रसृत म्हणजे आपला पसा. पण तो पसा कुणाचा? वैद्याचा नाही, तर रोग्याचा स्वतःचा. लहान पोराचा हात लहान, म्हणून त्याचा पसाही लहान. जितकं शरीर तितकं औषध, हा विचार त्यात आहे.

पसा आणि वेढे ही मापं चांगलीच होती, पण ती त्या घरापुरती आणि त्या हातापुरती. एका गावच्या वैद्याला दुसऱ्या गावच्या वैद्याला "एवढंच द्या" असं नेमकं कळवता येत नव्हतं. शिवाय पोटात घ्यायच्या काढ्यात थोडं कमी-जास्त चालून जातं. औषध सरळ कातडीखाली किंवा रक्तात जाऊ लागलं, तेव्हा थोडं कमी-जास्त चालेनासं झालं.

वारा मोजणारा माणूस

१६५६ सालची गोष्ट. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला ख्रिस्तोफर रेन नावाचा तरुण होता. पुढे तो मोठा इमारती बांधणारा म्हणून नावाजला. त्याने पक्ष्याच्या पिसाची पोकळ नळी आणि जनावराचं मूत्राशय जोडून एका कुत्र्याच्या शिरेत अफूचं पाणी सोडलं. कुत्रं गुंगलं आणि नंतर सावरलं. औषध तोंडाने न देता थेट रक्तात देता येतं, हे त्यातून दिसलं. या प्रयोगाची हकीकत पुढे लिहून ठेवली ती त्याचा स्नेही रॉबर्ट बॉइल याने.

हा बॉइल आपल्या गोष्टीत आणखी एका कारणाने येतो. त्याला हवेचं फार वेड. १६६२ मध्ये त्याने वाकड्या काचेच्या नळीत पारा ओतून, आत कोंडलेली हवा किती दबते ते मोजलं. त्याला आढळलं की दाब दुप्पट केला की हवेची जागा निम्मी होते, दाब काढला की हवा पुन्हा पहिल्याइतकी पसरते.

हे तुम्ही गटाच्या बैठकीत करून बघा. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली नवी १० मिलीची सिरिंज आणा. दट्ट्या ओढून १० च्या रेघेपर्यंत हवा घ्या. पुढचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या आत ढकला. जोर लावला तर तो पाचच्या आसपास जाईल, आणि सोडला की मागे येईल. आता तीच नळी पाण्याने काठोकाठ भरा, आत एकही बुडबुडा ठेवू नका, आणि तसंच दाबा. दट्ट्या जागचा हलणार नाही. पाणी दबत नाही, हवा दबते.

हवेचं किंवा गॅसचं माप घेताना म्हणूनच नुसती जागा मोजून भागत नाही, दाबही सारखा ठेवावा लागतो. याचा नमुना आपल्यातल्या कितीतरी जणींच्या परसात आहे. जुन्या गोबरगॅसवर लोखंडी टाकी उपडी घातलेली असते, आठवते ना? जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात हा तरंगत्या टाकीचा नमुना घडवला आणि पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तो गावोगाव नेला. आत गॅस भरला की टाकी वर येते, चूल पेटवली की हळूहळू खाली बसते. टाकीचं वजन तेच असल्यामुळे गॅसवरचा दाबही साधारण तोच राहतो. म्हणून टाकी किती वर आली यावरून आत गॅस किती आहे ते घरधनीण सांगू शकते, "आज दोन्ही वेळचा स्वयंपाक होईल." ती टाकी म्हणजे उपडी घातलेली मोठी सिरिंजच समजा.

आणि हाच वारा छोट्या सिरिंजमध्ये शिरला तर आपल्याला फसवतो. औषध भरताना आत बुडबुडा राहिला, तर रेघ वीसची दिसते, पण त्यातली थोडी जागा हवेने खाल्लेली असते. तेवढं औषध कमी जातं. म्हणून सिस्टर नळी उभी धरून टिचकी मारतात आणि हवा बाहेर काढतात. आता ती टिचकी बघाल तेव्हा बॉइलची आठवण काढा.

वीस थेंब

रेन आणि बॉइलनंतर जवळजवळ दोनशे वर्षं गेली. १८४४ मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनचे डॉक्टर फ्रान्सिस रिंड यांनी पोकळ सुईतून दुखऱ्या जागी औषध सोडलं. पण त्यांच्या उपकरणाला दट्ट्या नव्हता. औषध आपल्या वजनाने खाली उतरायचं.

मग १८५३ हे साल आलं. त्या एकाच वर्षात दोन देशांत दोन डॉक्टरांनी पोकळ सुई आणि दट्ट्याची नळी एकत्र आणली. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात अलेक्झांडर वुड यांच्याकडे ऐंशी वर्षांची एक बाई होती. मानेपासून हातापर्यंतच्या कळांनी ती बेजार झाली होती. वुड यांनी तिच्या दुखऱ्या जागी मॉर्फीनच्या पाण्याचे वीस थेंब टोचले. कळ थांबली. पण बाई झोपली ती दुसऱ्या दिवशीचे अकरा वाजायला आले तरी उठेना. श्वास जड झाला होता, आणि तिला जागं करणं कठीण गेलं. बाई वाचली. पण वीस थेंब म्हणजे नक्की किती? थेंब नळीच्या तोंडावर अवलंबून असतो, औषधाच्या दाटपणावर अवलंबून असतो. तेलाचा थेंब आणि पाण्याचा थेंब सारखा नसतो, हे आपल्याला फोडणी देताना रोज दिसतं.

दुसरे डॉक्टर फ्रान्समधल्या लियाँ शहरातले, शार्ल प्रावाझ. ते जनावरांवर प्रयोग करत होते. त्यांच्या चांदीच्या छोट्या नळीत दट्ट्या ढकलायचा नव्हता, स्क्रूसारखा फिरवायचा होता. किती औषध गेलं ते मोजायचं कसं? तर किती अर्ध्या फेऱ्या फिरवल्या त्यावरून. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या आजीचे गुटीचे वेढे आणि या फ्रेंच डॉक्टरचे स्क्रूचे वेढे, दोघांनी फेऱ्याच मोजल्या.

पुढे नळी काचेची झाली, आतलं औषध दिसू लागलं आणि काचेवर रेघा आल्या. माझ्या मते या गोष्टीतली मोठी पायरी इथे आहे. सुईने औषध आत नेलं, पण किती नेलं ते कुणालाही बघता येईल असं झालं ते या रेघांमुळे. फेऱ्या ज्याने फिरवल्या त्यालाच ठाऊक असतात. रेघ मात्र शेजारी उभी असलेली बाईसुद्धा वाचू शकते.

रेघा आखायला सगळीकडे एकच माप हवं. ते फ्रान्सने १७९५ च्या कायद्याने ठरवलं होतं. एक सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशी डबी घ्या. तिच्यात मावेल तेवढं एक घनसेंटिमीटर. डॉक्टर त्याला सीसी म्हणतात, आपण मिली म्हणतो. दोन्ही एकच. अशा हजार डब्या म्हणजे एक लिटर. आपल्या देशात हे माप फार उशिरा आलं. १९५६ मध्ये कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून शेर-पायली टप्प्याटप्प्याने मागे पडू लागली.

मुंबईतले दहा सीसी

पण इंजेक्शनातला सीसी त्याआधी कितीतरी वर्षं आपल्या महाराष्ट्रात पोचला होता, आणि तो आला प्लेगबरोबर.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. वाल्देमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या जागेत लस बनवायला बसले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली टोचणी स्वतःला करून घेतली. माप होतं १० सीसी. लोकांना पुढे जी मात्रा देत, त्याहून ही बरीच मोठी होती. त्यांना ताप आला, अंग ठणकलं, पण ते बरे झाले. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. १८९९ मध्ये हे काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेलं. आजची हाफकिन संस्था ती हीच.

त्याच १८९७ साली, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. एकीकडे लसीचे सीसी मोजले जात होते, आणि दुसरीकडे एक बाई आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवत होती. दोन्ही गोष्टी एकाच सालच्या आहेत, हे मला विसरता येत नाही.

त्याच सुमारास सिरिंजही सुधारत होती. पॅरिसमध्ये ल्यूअर यांच्या कारखान्यात नळी आणि दट्ट्या दोन्ही काचेचे असलेली सिरिंज निघाली. ती पाण्यात उकळता यायची. आजही सुई जिथे बसते त्या टोकाला ल्यूअर हेच नाव आहे. आणि १८९९ मध्ये अमेरिकेतल्या लेटिशिया गिअर या बाईंनी एका हाताने चालवता येईल अशा सिरिंजचं पेटंट मिळवलं. दुसरा हात मोकळा कशाला लागतो, हे रोग्याची सेवा करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

तुमच्यातल्या वयाने मोठ्या बायांना काचेच्या सिरिंज आठवत असतील. स्टीलच्या डबीत ठेवून स्टोव्हवर उकळायच्या. त्या नळीवर आणि दट्ट्यावर एकच आकडा असायचा, कारण तो दट्ट्या त्याच नळीत बसेल असा घासलेला असे. जोडी बदलली की फट राहायची, औषध मागे झिरपायचं आणि माप चुकायचं.

मिली वेगळं, युनिट वेगळं

आता येते माझ्या आईच्या रेघेकडे.

इन्सुलिन सापडलं कॅनडातल्या टोरांटो शहरात, १९२१ मध्ये. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी हा आजार झालेल्या लेकरांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, म्हणजे थोडे दिवस जास्त जगतील. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी टोरांटोला आली. पंधरा वर्षं पूर्ण व्हायला थोडेच दिवस होते आणि वजन होतं वीस किलोच्या आसपास. इन्सुलिनने ती उभी राहिली. स्वतः टोचून घ्यायला शिकली, शिकली-सवरली, लग्न केलं, मुलं झाली, आणि १९८१ मध्ये त्र्याहत्तराव्या वर्षी गेली. आयुष्यात चाळीस हजारांहून जास्त वेळा तिने टोचून घेतलं.

सुरुवातीला हे औषध जनावरांच्या स्वादुपिंडापासून काढत, आणि प्रत्येक वेळचा माल वेगळा निघे. एकदा कडक, एकदा पातळ. एलिझाबेथच्या पहिल्या महिन्यांतलं औषध पातळ होतं, म्हणून एका वेळी पुष्कळ टोचावं लागे. अशा मालाला "एक सीसी घ्या" म्हणून काय उपयोग? आपल्या ताकाचं बघा. घट्ट ताकाचा पेला आणि पाणी घातलेल्या ताकाचा पेला, पेला तोच, पण पोटात जाणारं दही वेगळं.

म्हणून त्या लोकांनी औषधाची जागा मोजायच्या ऐवजी ताकद मोजायची ठरवलं. ठरावीक वजनाच्या उपाशी सशाची साखर ठरावीक पातळीपर्यंत उतरवायला जेवढं औषध लागेल, त्यावरून त्यांनी 'युनिट' बांधलं. पुढे त्याच्या व्याख्या बदलल्या, पण मूळ अर्थ तोच राहिला. मिली म्हणजे जागा. युनिट म्हणजे ताकद.

मग बाटलीवर लिहायला लागले, एका मिलीत किती युनिट. आधी १० आणि २० ची बाटली होती, मग ४० ची, मग ८० ची. १९२४ मध्ये खास इन्सुलिनसाठी सिरिंज निघाली, आणि तिच्यावर मिलीच्या जागी युनिटच्या रेघा आल्या, म्हणजे घरच्या माणसाला हिशोब करायला नको. सोय झाली, पण त्या सोयीत एक अडचण होती. रेघ खरी ठरते ती तिच्या जोडीच्या बाटलीबरोबरच. काही सिरिंजवर एका बाजूला ४० चं आणि दुसऱ्या बाजूला ८० चं माप असे. लोक चुकीची बाजू वाचत आणि डोस दुप्पट किंवा निम्मा होई. हा घोळ मिटवायला अमेरिकेने १९७० च्या दशकात एकच माप ठरवलं, मिलीत १००. ब्रिटनने ते १९८३ मध्ये स्वीकारलं. आपल्याकडे मात्र आजही दोन्ही चालतात. बऱ्याच बाटल्या ४० च्या, आणि पेनमध्ये बसणाऱ्या कुप्या १०० च्या. म्हणून सिरिंजही दोन, लाल टोपणाची यू-४० आणि नारिंगी टोपणाची यू-१००.

आता हिशोब बघा. यू-१०० च्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे ०.२ मिली जागा. त्या जागेत ४० च्या बाटलीतलं औषध भरलं तर युनिट किती? ०.२ गुणिले ४०, म्हणजे ८. आईचं हेच झालं.

आणि उलटं झालं असतं तर? यू-४० च्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे ०.५ मिली. त्यात १०० चं औषध भरलं तर ५० युनिट. अडीच पट! साखर एकदम खाली, दरदरून घाम, थरथर, भोवळ, बेशुद्धी. जीव जाऊ शकतो. आमचं नशीब की चूक कमीच्या बाजूला झाली. नशिबावर सोडावी अशी मात्र ही गोष्ट नाही.

हात बायकांचे

पुढे काच गेली आणि प्लॅस्टिक आलं. न्यूझीलंडचे कॉलिन मर्डॉक यांनी १९५० च्या दशकात एकदाच वापरून टाकायच्या प्लॅस्टिक सिरिंजचं पेटंट घेतलं. पण टाकायची सिरिंजसुद्धा लोक धुऊन पुन्हा वापरत, आणि त्यातून कावीळ आणि एड्स पसरत. म्हणून १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी लसीकरणात फक्त आपोआप निकामी होणारी सिरिंज वापरावी असं सांगितलं. आपल्या अंगणवाडीत लसीच्या दिवशी हीच असते. तिचा दट्ट्या ०.५ मिलीपाशीच थांबतो, आणि एकदा दाबला की पुन्हा मागे येत नाही. इथे माप वाचायचं कामही नळीनेच स्वतःकडे घेतलं.

तरी माणसाच्या हाताचं कसब संपलं नाही. कोविडच्या लसीच्या वेळी आठवा. दहा डोसच्या बाटलीत थोडं जास्तीचं औषध भरलेलं असतं, कारण भरताना काही सुईत आणि टोकात अडकून वाया जातं. केरळच्या परिचारिकांनी इतकं जपून भरलं की अनेक बाटल्यांतून अकरावा डोस निघाला. २०२१ च्या टंचाईत एकेका डोसची केवढी किंमत होती!

आपण काय करायचं

त्या प्रसंगानंतर मी आमच्या एका गटाच्या बैठकीत सांगितलं, "पुढच्या वेळी येताना घरातला औषधाचा चमचा आणा." बाया हसल्या, पण आणले. सिरिंजने पाणी भरून प्रत्येक चमचा मोजला. औषधाच्या बाटलीवरचा चमचा ५ मिलीचा धरतात. आमच्या चमच्यांत एकीच्यात तीन बसलं, तर एकीच्यात सात. सात मिलीवाली काकू म्हणाली, "म्हंजे नातवाला मी आजवर दीडपट पाजत आले?" कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून त्या गटातल्या बाया बाटलीबरोबर आलेलं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंजच वापरतात.

तुम्हीही करा. आणि चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, घरात इन्सुलिनची बाटली असेल तर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचा. ४० ला ४०, १०० ला १००. टोपणाच्या रंगावर विसंबू नका, अक्षर वाचा. जुळत नसेल तर घरी गुणाकार करत बसू नका, सिरिंज बदलून आणा.

दोन, नळी डोळ्यासमोर, डोळ्याच्या उंचीला धरा. दट्ट्याच्या रबराची सुईकडची कडा ज्या रेघेला लागते ते माप. मागची कडा नाही.

तीन, बुडबुडा दिसला तर टिचकी मारून काढा आणि रेघ पुन्हा बघा.

चार, मिली आणि युनिट यांत गोंधळ वाटला तर विचारा. सिस्टरला विचारा, आशाताईला विचारा. विचारायला लाज नाही. मी न विचारता "मग झालं तर" म्हणाले होते.

आईची साखर आता ताब्यात आहे. परवा माझी भाची तिच्यासाठी सिरिंज घेऊन आली, तेव्हा आईने पाकीट हातात घेतलं, चष्मा पुसला आणि खिडकीशी गेली. एका हातात बाटली, एका हातात सिरिंज. मोठ्याने वाचलं, "चाळीस. आन् हिकडं बी चाळीस." मग भाचीकडे वळून म्हणाली, "आता ठेव फळीवर."